दोन सुयांची फेरी

एकतीस वर्षं मी चोडणहून रायबंदरला गेलो
आणि रायबंदरहून चोडणला आलो.
एकूण खेपा किती, ते खात्याच्या वहीत असेल.
पोचलास कुठंच नाहीस, असं शाणू म्हणतो,
पण तो बोलायलाच जन्मलाय.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात
हात आपोआप हलायला लागले.
जेवताना ताट धरून वळवायचे,
झोपेत उशी डावीकडे घ्यायचे, प्रवाह जोखून.
शशिकला म्हणाली, ह्यांना काहीतरी धरायला द्या.
शेजारच्या एस्पेरांसा बायनं दोन सुया दिल्या,
नैरोबीला वारलेल्या नणंदेच्या,
आणि विटकरी लोकरीचा एक गुंडा.

लोकर! चोडणात!
जिथं जानेवारीतही पंखा दोनवर असतो.
"स्वेटर कोणासाठी रे?" शाणूनं विचारलं.
"नदीला," मी म्हटलं.

पहिले वीस दिवस नुसते सुलट टाके.
एस्पेरांसा बाय मान वर न करता सांगायची,
ओढू नको, तो काय दोरखंड आहे?
सुयांच्या आवाजावरून तिला कळायचं :
सुटला एक.

सुटलेला टाका म्हणजे
रॅम्प उचलल्यावर धावत आलेला माणूस,
धक्क्यावर पिशवी हलवत राहिलेला.
एकतीस वर्षांत अशा कुणासाठी
मी बोट मागे वळवली नाही.
नियम नव्हता.
इथं मात्र क्रोशाची सुई घेऊन
चार ओळी खाली उतरायचं,
त्याला हलकेच आकड्यात धरायचं
आणि एकेक पायरी वर आणायचं.
पहिल्यांदा जमलं तेव्हा
मी उठून तांब्याभर पाणी प्यालो.

शशिकला समोर गोधडी घेऊन बसते.
माझे खाकी शर्ट कापताना तिनं विचारलंही नाही.
एक खिसा मात्र तसाच ठेवला, बटणासकट,
बरोबर छातीवर येईल असा.
"चष्म्याला," म्हणाली.
खाकीशेजारी एस्पेरांसा बायचा जुना पडदा,
त्याच्याखाली आमच्या लेकीचा शाळेचा निळा स्कर्ट,
आणि धावदोरा सगळ्यांवरून सारखाच जातो,
कुणाला उतरवत नाही.

टायगर तेरा वर्षांचा, बहिरा,
नावापलीकडे वाघाचं काही उरलेलं नाही.
एस्पेरांसा बाय कॅलेंडरच्या पाठीवर
पेन्सिलीनं त्याला काढते.
झोपलेला कुत्रा काढणं सोपं, असं आम्हाला वाटायचं.
पण स्वप्नात तो कशामागे धावतो देव जाणे,
पाय हलतात, कान उडतो,
आणि मार्च महिन्याच्या पाठीमागे
टायगरला पाच पाय झाले.
मी म्हटलं, एक खोड.
ती म्हणाली, खोडू कसा? तो होता ना तिथं.

त्या वाक्यावर मी दोन दिवस विणत होतो.

आता माझं विणकाम सव्वातीन मीटर झालंय.
काय आहे ते कुणालाच माहीत नाही.
मफलर म्हणावं तर रुंद, शाल म्हणावं तर अरुंद,
मध्ये एके ठिकाणी फुगलंय,
लेकीचा फोन आला होता तेव्हा
मी मोजायचं विसरलो.
ते उसवा, असं एस्पेरांसा बाय म्हणाली नाही.
मीही नाही.
शाणू परवा आला, टोक हातात घेऊन म्हणाला,
"नदीच्या मापाला अजून बरंच कमी आहे."
मग तिथंच बसला, एरवी बसत नाही,
आणि लोकरीचा गुंडा मांडीवर धरून राहिला,
मला लागेल तसतसा सोडत.

तिन्हीसांजेला धक्क्यावरून भोंगा वाजतो.
टायगरला ऐकू येत नाही,
तो माझ्या विणलेल्या ढिगावर
त्याच फुगवट्यात तोंड खुपसून झोपलेला.
माझे हात मात्र ऐकतात.
ओळ संपते. डावीकडची सुई उजवीकडे येते,
उजवीकडची डावीकडे,
आणि मी पुन्हा निघतो.