थरथरीचा आकडा

तपकीर गल्लीत दुपारी चारला
झुबेदा तांबोळी फोन काचेवर ठेवते,
उशीची खूण करते, मग मनगटावरच्या नसलेल्या घड्याळाची,
मग हातांनी हवेतच पीठ लाटते.
कॅम्पातल्या बेकरीत पहाटे चारला खारी सुरू होते.
तिला ऐकू येत नाही. उशीखालचा फोन थरथरून उठवतो.
उठवायचा.
नव्या अपडेटनंतर तो फारच सभ्य झालाय,
दूरच्या पाहुण्याने कडी वाजवावी तसा.

सेटिंगमध्ये तीन पर्याय: मंद, मध्यम, जोरात.
जोरात म्हणजे किती हे ज्याने ठरवलं
तो स्वतः कशाने उठतो, कोण जाणे.

मी केबल लावते. चित्रं वरच राहतात.
खाली काळा पडदा, पांढरी अक्षरं,
प्रत्येक अवयवाची एक फाइल आणि फाइलीत नुसता आकडा.
उजेड: एकशे बारा.
बॅटरीचा ताप: तीनशे एक्केचाळीस,
दशांशचिन्ह द्यायची इथे पद्धत नाही.
मोटर: दोन हजार अठ्ठ्याऐंशी मिलिव्होल्ट.
इथे ‘खात्री आहे का?’ असं कुणी विचारत नाही.
चुकीचा आकडा दिला तर तोही निमूट ऐकतात.
गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाचा फ्लॅश मी असाच जाळला,
भरपाई दिली, वहीत तारीख लिहून ठेवली.

म्हणून बेताबेताने चढवते. चोवीसशे.
झुबेदाची मान: नाही.
सव्वीसशे. नाही.
बत्तीसशेला ट्रेमधले स्क्रू चालायला लागतात,
शेजारचा ओसवाल डाग देता देता थांबतो,
आणि ती दोन्ही तळवे खाली दाबते, कमी, कमी,
मंडईत कोथिंबिरीचा भाव पाडावा तशी.
मग शेजारी बोट दाखवून गाल हातावर टेकते:
बाजूला नणंद झोपते. तिला सहाला उठायचं असतं.

एकोणतीसशे.
फोन गालाखाली धरून ती डोळे मिटते.
उघडते. अंगठा.

चौथ्या दिवशी आली ती तणतणतच.
फोन रात्री आपला आपण बंद होऊन सुरू झाला होता
आणि मोटर जुनाच आकडा घेऊन जागी झाली होती.
झुबेदा उठली सातला. अर्धा रोज कापला.
चूक माझीच. खाली लिहिलेलं
फोन बंद झाला की पुसलं जातं,
मला ठाऊक होतं, आणि त्या दिवशी दुकानात गर्दी होती.

मग आणखी खाली उतरले.
पडदा उजळण्याआधी फोन स्वतःशी ज्या ओळी वाचतो
त्यांत एक ओळ माझी घातली.
बंद. चालू. पाच वेळा.
सहाव्यांदा तिने स्वतः केला, माझ्याकडे न बघता.
बरोबरच आहे.
पैसे दिले नाहीत. तेही बरोबरच आहे.

वहीत तिच्या नावापुढे
आता एवढंच:
२९००. नणंद झोपलेली राहते.