अनोळखी क्रमांक तीन

देओक्लेसियोनं हे रान दोनदा जाळलंय.
एकदा बापाबरोबर, कसाव्यासाठी,
एकदा एकट्यानं, मिरीसाठी.
मिरीचे वेल मुळाशी कुजले, खांब उरले,
ते विकून टाकले, आणि मग एकवीस वर्षं
तो इकडे फिरकलाच नाही.

आता तो दोरी धरतो. दहा बाय पंचवीस मीटर.
मी वही. त्याची नात ताइनारा फीत.
नियम असा की जमिनीपासून एकशेतीस सेंटिमीटरवर
खोडाला फीत गुंडाळायची.
माझ्या छातीपाशी येतं ते,
ताइनाराच्या कपाळापाशी.
झाडाला मिठी घालताना ती डोळे मिटून घेते,
मुंग्यांमुळे.

लाक्रे. अकरा पूर्णांक चार.
लाक्रे. नऊ.
इम्बाउबा, आतून पोकळ.
लाक्रे. लाक्रे. लाक्रे.
मी नावाऐवजी नुसत्या टिंबांच्या जोड्या मारू लागते,
तर तो म्हणतो, "नाव लिही.
आपल्या पायानं आलंय ना ते?"

मग कोपऱ्यात एक कुइएरा.
त्याच्या आईनं लावलेली, तिच्या फळांचे
वाडगे कोरायची ती.
लावलेलं झाड मोजू नये, असं
बेलेंमहून आलेल्या कागदावर आहे.
तो काही बोलत नाही. खिळा आणि बिल्ला पुढे करतो.
मी लिहिते सतरा पूर्णांक दोन.
शेऱ्याची जागा कोरी सोडते.

त्यापुढचं खोड मनगटाएवढं, पानं फार वर.
कोयत्यानं तो सालीची चकती काढतो,
नाकाशी नेतो,
बराच वेळ तशीच धरून ठेवतो.
दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याचा वास गेला
हे मला ताइनारानं सांगितलं होतं, जीपमध्ये, हळू.
चाळीस वर्षं सगळी नावं त्याच्या नाकात राहायला होती.
मी लिहिते: अनोळखी क्रमांक तीन.

तो साल तिच्या तळहातावर ठेवतो. "सांग."
"कडू."
"कडू जिभेला. नाकाला काय?"
"भिजलेलं नाणं. आणि... चर्चमधला धूर,
पण पेटायच्या आधीचा."
"ब्रेउ," तो म्हणतो. "कुठला? परत हुंग."
"मागे लिंबू आहे. लांब."
तो हसतो, वर बघतो.
"मग याची आई इथं नाही. नदीपलीकडच्या
जुन्या रानात असेल. टूकाननं आणलाय."

रात्री जनरेटरच्या उजेडात बेरीज:
एकाहत्तर झाडं, सतरा जाती.
हिशेबाची एक रीत आहे,
एकेकट्या सापडलेल्या जाती मोजायच्या,
दोनदोनदा सापडलेल्या मोजायच्या,
त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज येतो.
आमचा आला नऊ.
नऊ जाती इथंच कुठंतरी,
दोरीच्या जरा पलीकडे.

क्रमांक तीन मी खोडते.
"ओळखणारा" हा रकाना एकाच नावापुरता आखलेला.
देओक्लेसियो लिहिलं तेवढ्यातच भरला.
ताइनारा समासात गेली,
कागदाच्या कडेपर्यंत,
शेवटचा काना जेमतेम मावला.