काढू नका

जखम म्हणावी इतकीही नव्हती.
वरच्या पापणीच्या आतल्या कोपऱ्यात
कसावाची काडी, बोटभर बाहेर,
लागवडीसाठी तिरपी कापलेली.
मासालू वासरामागे धावला, पडला,
उठून उभा राहिला आणि म्हणाला, तहान लागलीय.

मामाने पक्कड आणली होती.
सगळं उकेरेवे एका सुरात: ओढा, झटक्यात येईल.
काटा रुतला की काढायचा,
हे हाताला कुणी शिकवावं लागत नाही.
न्यांजिगेचा हात तर अर्ध्या वाटेवर पोचलाच होता.
मी तो धरला. नंतर पाहिलं,
तिच्या मनगटावर माझी चार बोटं उमटलेली.

कारण मिलेंबे.
दोन वर्षांपूर्वी, याच बाकावर.
बोरूची सळ, सुईएवढी. मीच ओढली.
अलगद आली, रक्ताचा थेंब नाही.
मलम, पट्टी, वर लाडाने म्हटलं, शूर गं माझी.
अकराव्या दिवशी ताप. मग मान ताठ.
मग आईलाच विचारू लागली, तुम्ही कोण.
डोळ्याच्या छताचं हाड कांद्याच्या सालीइतकं पातळ असतं,
हे मी पुस्तकात वाचलं होतं.
वाचलं होतं, एवढंच.

म्हणून चहाचा कागदी कप.
बूड कापून काडीभोवती उपडा ठेवला,
चिकटपट्टीने कपाळाला, गालाला जखडला.
धनुर्वाताचं इंजेक्शन, शिरेतून अँटिबायोटिक,
आणि बोट. साडेतीन तास
सरोवराच्या लाटांवर त्याचं डोकं माझ्या मांडीवर,
कपावर माझा तळहात, न टेकवता.
शेजारी सुक्या डागा मासळीची पोती, कुणाचं तरी बोकड,
आणि एक म्हातारा, पुन्हा पुन्हा: कपात काय आहे रे?
झाड, मासालू म्हणाला.

म्वांझात यंत्राने सांगितलं, लाकूड नाही.
पडद्यावर नुसती काळी रेघ, हवेसारखी.
डॉ. लुहेंडे चष्मा कपाळावर चढवून
बराच वेळ बघत बसल्या.
लाकूड असंच असतं, हवेचं सोंग घेतं.
पण हवेला, त्या म्हणाल्या, इतकी सरळ कड कोण देतं?
मोजलं. पाच सेंटिमीटर आत.
टोक आणि मोठी धमनी यांच्यामध्ये
तांदळाचा एक दाणा मावेल. दोन नाही.

त्यांनीही ओढली नाही.
कपाळाचं हाड झडपेसारखं उघडलं,
मेंदू किंचित उचलला,
काडी संपते तिथे आधी नजर पोचवली, मग हात.
सालीचे कण धुतले. परत धुतले. परत.
मांडीतलं पांढरं पातळ कापड काढून
मेंदूच्या फाटक्या अस्तराला ठिगळ लावलं.
ट्रेमधली काडी मी वळवून पाहिली:
तिला एक डोळा होता,
फुटायच्या बेतातला.

नवव्या दिवशी तो म्हणाला, आई, तू दोन आहेस.
न्यांजिगे रडली. मला ते चाललं.
माझं लक्ष अकराव्यावर होतं.
त्या रात्री दर तासाला थर्मामीटर,
दर तासाला हनुवटी छातीला टेकते का ते.
बाराव्याला त्याने उगाली मागितली,
आणि कालची नको म्हणाला.

परतीच्या बोटीवर त्याला खेळ सापडला:
एक डोळा मिटून सरोवर एक करायचं,
उघडून दोन.

धक्क्यावर मिलेंबेची आई मासळी विकत होती.
तिने त्याच्याकडे पाहिलं, टाक्यांच्या रांगेकडे,
मग माझ्याकडे.
मी अर्धा किलो मागितली.
तिने तोलून दिली, वर मूठभर घातली,
आणि सुटे पैसे
माझ्या हातात नाही, फळीवर ठेवले.