पूर्ण नाव

जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडरनं विचारलं, पूर्ण नाव?
त्याला ह्यांचं हवं होतं.
हे म्हणाले,
नल्लू नरसय्या इराबत्ती.
कंपाउंडर हसला नाही. लिहिलं त्यानं
निळ्या कार्डावर, सावकाश, रेघेला धरून,
आणि मी बाकाच्या कडेवर बसून
पदराचं टोक बोटाला गुंडाळत गेले,
विडीला दोरा गुंडाळावा तसं.

काळा म्हणून नल्लू.
टॉवेल कारखान्यामागं चिंध्यांच्या ढिगात सापडला,
ह्यांच्या शेवटच्या पाळीला.
नारळ मिळाला, शाल मिळाली, आणि हा.
नारळ फोडला, शाल बोहारणीला गेली.

मऊ भाकरी त्याची, दुधात कुस्करलेली.
आम्हाला कडक, शेंगाचटणी.
आमच्या गल्लीत पाणी येतं पाचव्या दिवशी,
तर आधी त्याचं भगुनं भरायचं,
मग देवाची कळशी.
बोलले मी एकदा.
हे म्हणाले, देव जीभ बाहेर काढून बसलेला
कधी बघितलास काय तू?

मे महिन्यात पत्रा तापतो, तेव्हा
ओली चादर एकच, पंखा एकच,
खाली दोघं, एका लयीत धापत.
बोलतात त्याच्याशी ते तेलुगूतच.
दा रा, म्हटलं की येतो. वद्दू, म्हटलं की थांबतो.
मराठीत हाक मारली तर बघतो
शेजारच्या कुणाला तरी बोलावल्यासारखा.

आणि गड्ड्याच्या जत्रेतलं दारूकाम.
पहिला बार झाला की हे त्याला मांडीत ओढतात,
दोन्ही कान तळव्यांनी झाकतात
आणि वरून ओरडून गोष्ट सांगत राहतात.
मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलं,
हळू बोलणं ह्यांना कधी जमलंच नाही.
मोरीशेजारचा तोच खांब पाठीला,
तेच तळवे.
तेव्हा मांडीत वनजा असायची.

वनजा नरसय्या इराबत्ती.
शाळेच्या दाखल्यावर आहे अजून,
पेटीच्या तळाला, डांबरगोळ्यांच्या वासात.
रेशनकार्डावरून गेलं, ते मी धरत नाही,
लग्न झालं की जातंच.
पण चौकात, चार जणांपुढं
हे म्हणाले, मला मुलगी नाही.
कुणी कागद आणला नव्हता, कुणी शाई आणली नव्हती,
खोडलं गेलं तरी.
जावई आपल्यातला नाही. एवढंच.
बँकेत आहे. सुपारीसुद्धा खात नाही.

डॉक्टरीण पोरगेलीच होती.
सुई भरता भरता तिनं विचारलं,
घरात लहान मूल आहे का?
हे भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडं बघत राहिले,
आतडी कुठली, जठर कुठलं, बाण दाखवून लिहिलेलं.
मी म्हणाले, आहे.
कुठून आलं तोंडात, कुणास ठाऊक.
चार वर्षांचा. नातू.

(विडी कारखान्यातल्या सरस्वतीच्या मोबाईलमध्ये
त्याचा फोटो आहे. पानं जमा करायला गेलं की बघते.
कपाळ थेट ह्यांचं.
दा रा म्हटलेलं त्याला कळेल का, ते फोटोत दिसत नाही.)

मग एकही इंजेक्शन चुकवू नका आजोबा, ती म्हणाली,
आणि आजोबांनी मान हलवली.
सहाशे रुपये मोजले. घासाघीस नाही.

येताना रिक्षात तो आमच्या दोघांच्या मध्ये,
हनुवटी ह्यांच्या गुडघ्यावर, शेपूट माझ्या साडीत.
अशोक चौक गेला.
मी मनात तयारी करत होते,
घरी गेल्यावर ताट कुठल्या भिंतीवर आपटेल,
आमटी पुसायला फडकं कुठंय.
खिशातून कार्ड काढून
हे दोनदा वाचत बसले, ओठ हलवत.
मग नल्लूच्या कानामागं खाजवत,
त्यालाच विचारल्यासारखं,
पण मराठीत:

पोराला कुत्र्याची भीती वाटते काय?

मला काय ठाऊक, मी म्हणाले.
विचारावं लागेल.