सुतळी खाते

माझं अक्षर वळणदार आहे,
असं हस्ताक्षरतज्ज्ञाने एकवीस पानांत लिहून दिलंय.
शाळेत कुणी म्हटलं नव्हतं.
'र'ची शेपटी, पोट सुटलेला सात,
नावे आणि जमा यांच्यामधली माझी अर्ध्या बोटाची जागा,
सगळं आता इंदूर जिल्हा कोर्टाच्या फायलीत आहे.

साहेबांचं अक्षर त्यात नाही.
साहेब लिहीत नसत.
गुरुवारी छावणीतल्या पेढीवर यायचे,
उभ्यानेच वही चाळायचे,
हिरव्या शाईने एक बरोबरची खूण करायचे
आणि चहा न घेता जायचे.
दोन रेघा. कुणाच्या, ते तज्ज्ञाला सांगता येत नाही.

नोंद साधी होती:
सुतळी, तोंडं शिवण्यासाठी. चार लाख अकरा हजार.
मतदानाला सतरा दिवस होते.
तपासणीस फौजदाराने हिशेब मांडला,
एवढी सुतळी दिल्लीला जाऊन
परत ग्वाल्हेरपर्यंत आली असती,
आणि गोदामात त्या साली पोती नऊशे.
कोर्टात हसू फुटलं. कठड्यात मीही हसलो.

मग जौहरी वकील उठले. आवाज मऊ, तुपासारखा.
"महाग सुतळी घेणं गुन्हा आहे का, माय लॉर्ड?
नोंद चुकीची असेल. हेतू कुठल्या पानावर आहे?"
चाळीस वर्षं मी खतावणी लिहिली,
हेतूचं खातं कधी उघडलं नाही.

मूळ वही उंदरांनी खाल्ली, असं पेढीचं लेखी उत्तर आहे.
आहे ती झेरॉक्स. झेरॉक्सवर हरकत, हरकतीवर तारीख.
पेढी खासगी, मंजुरी नको, असं सरकार म्हणतं.
खूण आमदारकीतली, मंजुरी हवी, असं ते म्हणतात.
तो प्रश्न तीन वर्षं हायकोर्टात बसून आला.
तेवढ्यात फौजदार निवृत्त झाला,
झेरॉक्सवाला फितूर झाला,
साहेब पुन्हा निवडून आले.

सरकारी वकीलबाईंचं आडनाव रेशीमवाले.
वाट्याला मात्र सुतळी आली.
जिन्यावर डबा उघडून बसतात, पोहे गार झालेले,
म्हणतात, "टेंबेकाका, तुम्ही माफीचे साक्षीदार.
साथीदाराच्या एकट्या शब्दावर काही उभं राहत नाही.
दुसरा कुणीतरी टेकू हवा."

टेकू होती सुगनबाई.
गोदामाची बिनपरवान्याची भिंत
तिच्या नवऱ्यावर पडली होती. हम्माल होता, गेंदालाल,
बिडी मागायला माझ्या टेबलाशी यायचा.
ती पिंजऱ्यात उभी राहिली, पदर दातांत धरून.
"मुझे कुछ याद नहीं, साब."
तीनदा विचारलं. तीनदा तेच.
शिवण पक्की होती.

माझी पाळी आली. शपथ हिंदीत घेतली,
घाम मराठीत आला.
"नोंद खोटी होती?"
जी, म्हणालो. कायद्याने ती खोटीच.
पण लिहिताना मी पाहिलं होतं,
त्या वहीत तेवढीच एक ओळ
जे झालं तेच सांगत होती.
ते विचारायला कुठल्या कलमात जागा नव्हती.

पुढची तारीख एकोणीस.
बाई म्हणतात, धीर धरा.
साहेबांच्या माणसाने कोर्टाच्या फाटकाशी
माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, "क्यों भिया, चढ़ लेते हो सीढ़ियाँ?"

आणखी एक गोष्ट कुणी विचारली नाही.
कापडी पिशवीतून तिच्याकडे पोचले ते चार लाख.
मीच नेऊन दिले होते, मोजून.
वरच्या अकरा हजारांचा
आमच्याकडे फ्रिज आला.
रात्री दोनला तो घरघरतो, मध्येच थांबतो.
बायको म्हणते, जुना झालाय, काढून टाकू.
मी म्हणतो, राहू दे, चालतोय अजून.