कुर्लीचं बीळ

चोडणला भाड्याची खोली, खिडकीखाली खाजन,
आणि मी पडद्यावर चौकोन ओढते आहे.
एक चौकोन: पाण्याची उंची.
दुसरा: खारटपणा, दर दहा मिनिटांनी.
तिसरा गाळणी, वेडेवाकडे आकडे बाजूला काढणारी.
चौथा ठरवतो.
पाचवा मोटर, दार ओढायला.

चौकोनाच्या कडेवर बारीक टिंब असतं.
तिथे माऊस दाबून धरायचा
आणि पलीकडच्या टिंबावर नेऊन सोडायचा.
तार आपणहून वळसा घेते,
मध्ये कुणी आलं तर अंग चोरून जाते
फेरीबोटीत स्कूटरींमधून वाट काढणाऱ्या पाववाल्यासारखी.

इथे आधी हे कर, मग ते कर
असं कुणी कुणाला सांगत नाही.
ज्याच्या दारात माल आला तो कामाला लागतो,
नाही आला तर गप्प बसून राहतो.
मला हे फार आवडतं.
डिचोलीला आमच्या घरी
असं एक दिवसही चाललं नाही.

कायतान तिन्हीसांजेला येतो.
यंदाच्या पावणीत मानस त्याने घेतली आहे,
म्हणजे दाराशी जाळं लावायचा हक्क त्याचा.
पाय चिखलाचे, म्हणून उंबऱ्याबाहेरूनच
मान लांब करून बघतो.
मी सांगते, ही तुझी मानस.
तो हसत नाही. सावकाश, डावीकडून उजवीकडे वाचतो.
"उदक दिसता," म्हणतो. "नुस्तें खंय?"

मासळीचा चौकोनच काढला नव्हता मी.

त्याच्या दाराला मोटर नाही.
लाकडाच्या दोन फळ्या, वरून टांगलेल्या.
भरती चढली की नदीच त्या दाबून लावते,
सुकतीला शेतातलं पाणी आतून ढकलून उघडतं.
पाण्याचा पहारा पाण्यावरच.
हे त्याच्या आज्याच्या आज्याला ठाऊक होतं,
आणि मी त्यासाठी
अनुदानाच्या अर्जात चार पानं लिहिली आहेत.

रात्री बारा दिवसांचे आकडे सोडून पाहिले.
तिसऱ्याच दिवशी एक तार पिवळी झाली,
मग लाल.
मागचे चौकोन एकेक करून थांबले,
हातातलं हातात धरून.
दीड वाजता सापडलं:
गाळणीच्या एका टिंबाला काहीच जोडलेलं नव्हतं.
नाकारलेल्या आकड्यांना
जायला जागा नव्हती, म्हणून
चांगलेही आत अडकले.
एक चौकोन काढला, नाव दिलं कचरा.
वाहू लागलं.

रविवारी मीसनंतर कोमुनिदादीच्या खोलीत
मोठ्या कागदावरची छपाई टेबलावर पसरली.
जो तो आपलं शेत शोधायला लागला.
रुझारने विचारलं, माझी कोरगुटाची कुणगी
ह्यातल्या कुठल्या डब्यात?
गोकुळदासांनी विजेचं बिल कोण भरणार ते विचारलं,
तीनदा.
कायतानने कुणाच्या तरी खिशातलं बॉलपेन घेतलं
आणि नदीपासून शेतापर्यंत,
दार टाळून, ठरवणाऱ्याला न विचारता,
एक वाकडी रेघ ओढली.
"कुर्ली," म्हणाला. "बांध पोखरता."

घरी येऊन ती रेघ काढायला बसले.
जमेना.
तारेला टोक लागतं, टोकाला टिंब,
टिंबाला नाव, आणि त्यातून काय जाणार
ते आधी सांगावं लागतं.
गळती असा चौकोन केला तर तो विचारतो, किती?
कायतानला विचारलं.
त्याने आधी करंगळी दाखवली,
मग जरा विचार करून मूठ.

अमावास्येच्या भरतीआधी
आम्ही बांधावर गेलो, मी टॉर्च धरला.
तो चिखलाचे गोळे करून बिळांत कोंबत होता,
वर टाच मारून.
सतरा बिळं मी मोजली.
परतताना त्याने मागे टॉर्च मारायला लावला:
अठरावं,
ओलं, ताजं, तोंडाशी मातीच्या गोळ्या.

फाईल जपून ठेवली, खाजन सात या नावाने.
सगळ्या तारा हिरव्या आहेत.
तो कागद भिंतीला चिकटवला आहे,
दमट हवेने बॉलपेनची शाई
नदीच्या बाजूने थोडी पसरली आहे.