सातवा खेळ

मुलुंडच्या क्लबहाउसात सतरा माणसं आली,
त्यातली चार वडे संपल्यावर गेली.
गिरगावच्या वाचनालयात पंखा इतका वाजे
की नदी कुणाला ऐकूच आली नाही.
बोरिवलीत सेक्रेटरी म्हणाले, छान आहे हो,
पण ह्यात घडत काहीच नाही.
आणि माटुंग्याला, ऐन मासा लागताना,
पडद्यावर नुसता उजेडाचा चौकोन.
कुठे माशी शिंकली ते
प्रोजेक्टर उघडूनही कळलं नाही.

माशी तर केरसीकाकांनी स्वतः बांधलेली:
कोंबड्याच्या मानेचं पीस, भायखळ्याच्या बाजारातून फुकट,
लोकरीचा धागा, जरीचे दोन वेढे,
जर कुणाच्या तरी लग्नातल्या साडीची.
चष्मा कपाळावर, आकडा चिमट्यात.
माशाला फसवायचं तर, म्हणत,
आधी आपल्याला तो किडा वाटला पाहिजे.
मला महिनाभर तो फणीत अडकलेला गुंताच वाटला.

चित्रपटाला तीन वर्षं गेली.
दोन नद्या, चोरीला गेलेली एक लेन्स,
आईच्या एफडीतले ऐंशी हजार,
आणि सोळा दिवस म्हाशीर
आमच्याकडे पाठ करून.
पण मला विचाराल तर खरा शॉट दादरचा.
पारशी कॉलनीतली गच्ची,
टाक्यांच्या मधली लांब मोकळी पट्टी,
केरसीकाका बनियनवर, अनवाणी,
दोरीच्या टोकाला आकड्याऐवजी लाल गोंडा.
दोरी मागे जाते, हवेत लांब होते
आणि ते थांबतात.
एवढंच. थांबतात.
मागे वळून बघायचं नाही, मला सांगत,
दोरी सरळ झाली की खांद्याला कळतं.
घाई केलीस तर चाबूक वाजतो,
चाबूक वाजला की माशी तुटली.

सातवा खेळ वेसाव्याला.
कुणी बोलावलं नव्हतं, मीच विचारत गेलो.
जाळी वाळवतात त्या पटांगणात
दोन बांबूंना चादर बांधली.
वारा शिरला, नदी पोटुशी दिसू लागली.
बायका टोपल्या उलट्या घालून बसल्या,
पोरं मागच्या बाजूनं उलटी नदी बघत.
माणसं मोजायची राहूनच गेली.

एवढ्या मोठ्या काठीला एकच मासा, कुणी नाखवा बोलला.
लागला तेव्हा मात्र शिट्ट्या.
दमवला, जवळ आणला,
केरसीकाकांनी आकडा काढला,
ओल्या हातावर पाण्यातच धरला, तोंड प्रवाहाकडे,
आणि बोटं उघडली.

पटांगण गप्प.
मग चांगुणाबाई टपके, पहाटेच्या लिलावाच्या आवाजात:
"सोरला? मंग धरला कनाला?"

हशा पार धक्क्यापर्यंत गेला.
माझ्याकडे उत्तर होतं, सहा खेळांत घोटलेलं,
नद्या, आकडेवारी, संवर्धन.
घशात काटा आडवा बसावा तसं ते बसलं.
मागच्या खुर्चीवरून केरसीकाका उठले
(हल्ली उजवा हात थरथरतो, खिशात ठेवतात),
म्हणाले, "बाई, मला पण नाय माहीत."

"परत लाव. तेवराच."
लावलं.
ती उठून चादरीपाशी गेली,
नदीवर सावली पडू न देता बोट दाखवलं.
बोटं उघडलीत, मासा मोकळा आहे,
आणि तरी हाताला टेकून उभा.
कल्ले हलतायत.
"जात नाय बग."

नऊ सेकंद.
संकलनात मी ते दोनदा कापायला घेतले होते.

निघताना तिनं पेपरात काहीतरी बांधून दिलं.
टॅक्सीत पुडी मांडीवर घेऊन
केरसीकाकांनी विचारलं, ह्याला काय म्हणतात?
सोडे, मी म्हणालो.
माहीमची खाडी येईपर्यंत ते हसत होते.

चादर मी धुतली नाही.
आठव्या खेळाला, ठाण्यात,
पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी
नाकाला रुमाल लावला
आणि शेवटपर्यंत बसले.